व्हॉल्व्ह टेस्टर घ्यायचाय? आधी आपल्या फळीवरचे व्हॉल्व्ह बघा

व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे, दोन-तीन रेडिओ घरात जमले की त्या तपासायचा टेस्टर घ्यावासा वाटायला लागतो. सांगली-मिरजेत, तासगावात, कराडकडे जुने सेट अजून निघतात. वाडा पाडायला काढला की माळ्यावरून एखादा मर्फी नाहीतर फिलिप्स खाली येतो. दुकान आवरतं घेणारा मेकॅनिक खोकंभर व्हॉल्व्ह देऊन टाकतो; निम्म्यांवरचे नंबर पुसलेले, कुठला जिवंत आणि कुठला मेलेला याचा पत्ता नाही. मग इंटरनेटवर हिकॉक, एव्हो अशी नावं दिसतात आणि किंमत बघून डोळे पांढरे होतात. चांगला टेस्टर आपल्याकडच्या चालू रेडिओच्या कैक पट महाग असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रेडिओ दुरुस्तीत टेस्टर हे पहिलं हत्यार नाही. मल्टिमीटर, सिरीज लॅम्प (मेनच्या वाटेत लावायचा बल्ब), आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा) आणि बरं सोल्डरिंग आयर्न या सगळ्यांनंतर त्याचा नंबर लागतो. बंद पडलेल्या सेटमध्ये दोष बहुतेक वेळा कागदी कंडेन्सर, फिल्टर कंडेन्सर, वाढलेले रेझिस्टन्स नाहीतर मळलेला बँड स्विच यांचा निघतो. आणि टेस्टर घ्यायचाच झाला, तर कंपनीच्या नावावर भुलायचं नाही. आपल्या व्हॉल्व्हची यादी करायची. कुठला टेस्टर उपयोगी पडेल आणि कुठला नुसता जागा अडवेल, ते त्या यादीतच दिसतं.

यादी कशी करायची

प्रत्येक सेटचं मागचं कव्हर काढा (प्लग भिंतीतून काढून, नुसता स्विच बंद करून नाही) आणि व्हॉल्व्ह लिहून घ्या. नंबराबरोबर तीन गोष्टी नोंदवा: बेस (खालच्या पिनांची मांडणी) कुठला, हीटरचा (आतल्या तापणाऱ्या तारेचा) व्होल्टेज किती, आणि तो एसी सेटमधला आहे की एसी-डीसी (पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, हीटर एका साखळीत जोडलेल्या) सेटमधला.

आपल्याकडचे बहुतेक सेट युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चालतात, आणि त्यांच्या नंबरातच बरंच काही लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर हीटरचं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, ए म्हणजे ४ व्होल्ट, डी म्हणजे १.४ व्होल्टचा बॅटरीवरचा व्हॉल्व्ह, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या सिरीज साखळीतला. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात: सी ट्रायोड, एफ पेंटोड, एल आउटपुट पेंटोड, झेड फुल-वेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), एम मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा). आकड्यावरून बेस ओळखता येतो. ८० च्या घरातले नऊ पिनांचे नोव्हल, ९० च्या घरातले सात पिनांचे, ४० च्या घरातले रिमलॉक, ३० च्या घरातले ऑक्टल. ईबीएल१, ईसीएच३, एझेड१ असे एका आकड्याचे म्हणजे युद्धापूर्वीच्या फिलिप्स घराण्यातले, बाजूला धातूच्या पट्ट्या असलेल्या बेसचे.

साठच्या दशकातल्या नेहमीच्या एसी सेटमध्ये ईसीएच८१, ईबीएफ८९, ईबीसी८१ किंवा ईसीसी८३, ईएल८४, ईझेड८० किंवा ईझेड८१ आणि डोळा असेल तर ईएम८४ सापडतो. यातले बरेच नंबर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवले, त्यामुळे बीईएलचा छाप दिसला तर बिचकू नका, ते उत्तम चालतात. एसी-डीसी सेटमध्ये त्यांचीच भावंडं असतात: यूसीएच८१, यूबीएफ८९, यूबीसी८१, यूएल८४, यूवाय८५. वीज नसलेल्या गावांतून जे बॅटरी सेट चालायचे, त्यांत डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६.

नंबर पुसलेला असेल तर काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि तिरक्या उजेडात बघा. गेलेली छपाई क्षणभर दिसते. कपड्याने पुसून बघायच्या फंदात पडू नका, उरलीसुरली अक्षरंही जातात.

सांगलीत आणखी एक प्रकार भेटतो: पुराच्या पाण्यात बुडालेले सेट. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतलं सामान भिजलं, रेडिओही त्यात होते. अशा सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा कोन आणि कागदी कंडेन्सर गेलेले धरून चाला. व्हॉल्व्ह मात्र बऱ्याचदा वाचतात. काच शाबूत असेल तर पाणी आत शिरत नाही. आतली चंदेरी लकाकी म्हणजे गेटर जागच्या जागी असेल तर व्हॅक्यूम टिकलाय. ती दुधासारखी पांढरी झाली असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला, त्याला टेस्टर लागत नाही. पिनांवरचा गाळ आणि गंज मात्र टेस्टरच्या सॉकेटमध्ये घालण्याआधी हलक्या हाताने साफ करा, नाहीतर टेस्टरचं सॉकेट खराब होईल.

टेस्टरशिवाय किती कळतं

बरंच कळतं. पहिली परीक्षा हीटरची. नोव्हल व्हॉल्व्हमध्ये हीटर बहुधा ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर असतो, ऑक्टलमध्ये बहुधा २ आणि ७ वर. डिजिटल मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा. थंड ईएल८४ एक-दोन ओहम दाखवेल, काहीच दाखवलं नाही तर फिलामेंट, म्हणजे हीटरची तार, तुटलीय. बॅटरीवाल्या डी मालिकेला मात्र जुना काट्याचा मीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर लावू नका. डीके९६ चं फिलामेंट २५ मिलिअँपिअरचं आहे आणि काही काट्याचे मीटर त्या रेंजवर त्याहून जास्त करंट सोडतात. तपासता तपासताच व्हॉल्व्ह उडायचा.

दुसरी परीक्षा चालू सेटमध्येच करायची. इथे अडीचशे व्होल्ट असतात आणि एसी-डीसी सेटची चॅसी थेट मेनला जोडलेली असू शकते. म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. मीटरचा काळा प्रोब क्लिपने चॅसीला अडकवा, एकच हात वापरा, दुसरा खिशात.

ईएल८४ घेऊ. आत हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोडमधून करंट प्लेटकडे जातो, मधली ग्रिड तो कमी-जास्त करते; स्क्रीन म्हणजे प्लेटच्या अलीकडची दुसरी ग्रिड. तीन नंबरची पिन कॅथोड. सेट बंद असताना कॅथोडपासून चॅसीपर्यंतचा रेझिस्टन्स मोजून ठेवा, समजा १५० ओहम आहे. सेट चालू करून पाच मिनिटांनी त्याच पिनेवर डीसी व्होल्टेज बघा. सात व्होल्ट आले तर सातला १५० ने भागा, साधारण ४७ मिलिअँपिअर. हा प्लेट आणि स्क्रीन मिळूनचा करंट. माहितीपत्रकात ईएल८४ साठी प्लेटला २५० व्होल्ट, ग्रिडला उणे ७.३ व्होल्ट असताना प्लेट करंट ४८ आणि स्क्रीन करंट ५.५ मिलिअँपिअर दिलाय. म्हणजे आपला व्हॉल्व्ह ठणठणीत. चारच व्होल्ट आले तर लगेच व्हॉल्व्हला दोष देऊ नका. आधी ७ (प्लेट) आणि ९ (स्क्रीन) नंबरच्या पिनांवर एचटी, म्हणजे रेक्टिफायरकडून येणारं जास्तीचं डीसी व्होल्टेज, बघा, रेक्टिफायर थकला असेल तर सगळीकडेच व्होल्टेज पडलेलं असतं. एचटी बरोबर असून कॅथोडवर कमी, तर व्हॉल्व्ह म्हातारा.

आणि अकरा-बारा व्होल्ट आले तर? तर सेट लगेच बंद करायच्या तयारीत राहा आणि २ नंबरची पिन, म्हणजे ग्रिड, बघा. तिथे शून्य हवं. एक-दोन व्होल्ट अधिक दिसले तर दोन संशयित: आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून येणारा कपलिंग कंडेन्सर, नाहीतर खुद्द ईएल८४. सेट बंद करून ईएल८४ उपसा, पुन्हा चालू करून रिकाम्या सॉकेटच्या २ नंबरवर मोजा. रीडिंग फार लांबवू नका, भार नसताना एचटी वर चढतं. व्होल्टेज तसंच राहिलं तर कंडेन्सर लीक आहे. गायब झालं तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. दुकानात टेस्टर असूनही जुने मेकॅनिक आधी हेच करायचे, कारण टेस्टरला सेटमधला लीक कंडेन्सर दिसत नाही. तो न बदलता नवा ईएल८४ घातला तर त्याचीही प्लेट लाल होणार.

काही सेटमध्ये कॅथोड थेट चॅसीला असतो आणि ग्रिडचं उणे व्होल्टेज एचटीच्या निगेटिव्ह बाजूच्या रेझिस्टन्सवरून काढलेलं असतं. तिथे हा हिशेब चालत नाही, त्या रेझिस्टन्सवर मोजावं लागतं.

ईसीएच८१ च्या ऑसिलेटरची, म्हणजे स्टेशन पकडायला आतच सिग्नल तयार करणाऱ्या भागाची, परीक्षा तर हात न लावता होते. सेट पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झवर आणा. आयएफ (प्रत्येक स्टेशन आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणलं जातं ती) ४५५ असेल तर आतला ऑसिलेटर १२४७ वर चालतो, म्हणजे सांगली आकाशवाणीच्या १२५१ च्या अगदी शेजारी. जवळ छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवून तो १२५० च्या आसपास फिरवा आणि व्हॉल्व्ह सेटचा काटा किंचित हलवा. स्टेशन लागलेलं असेल तर त्यावर शिटी सरकते, नसेल तर नुसती खरखर दबते. काहीच फरक पडला नाही तर ऑसिलेटर झोपलाय. फिलिप्सच्या सेटचा आयएफ थोडा वेगळा असतो, तेव्हा आकडा चार-पाच किलोहर्ट्झ इकडे तिकडे धरा.

दोन-तीन सेट असलेल्या माणसाने एवढं करावं, ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ आणि ईझेड८० यांचा एकेक खात्रीचा जादा व्हॉल्व्ह डब्यात ठेवावा आणि संशय आला की बदलून बघावं. टेस्टरच्या पैशात असे डझनभर व्हॉल्व्ह येतात. खोकंभर व्हॉल्व्ह छाटायचे असतील, दुसऱ्यांचे सेट दुरुस्त करायला घेत असाल किंवा व्हॉल्व्ह विकत असाल, तर मात्र टेस्टर लागतो.

टेस्टरच्या जाती

पहिली जात एमिशन टेस्टर. ईको ६२५, हीथकिटचे टीसी-१ आणि टीसी-२ ही यातली ओळखीची नावं. सगळ्या ग्रिड प्लेटला जोडून व्हॉल्व्हचा साधा डायोड करायचा, थोडं व्होल्टेज द्यायचं आणि कॅथोड किती करंट सोडतो ते बघायचं. काटा हिरव्यात गेला तर चांगला, लाल पट्ट्यात राहिला तर वाईट. यात अर्धंच खरं असतं. लालमध्ये अडकलेला व्हॉल्व्ह बहुतेक खरंच थकलेला असतो. हिरव्यात गेलेला मात्र सेटमध्ये चालेलच असं नाही, कारण ग्रिड काम करते की नाही हे या टेस्टरने विचारलेलंच नसतं. ग्रिडची वेल्डिंग आत तुटलेला व्हॉल्व्हसुद्धा हिरव्यात दिमाखात उभा राहतो. रेक्टिफायरसाठी मात्र हीच पद्धत योग्य, तो डायोडच आहे. फेकायचे व्हॉल्व्ह वेगळे काढायला हा टेस्टर वापरावा. त्याच्या शब्दावर व्हॉल्व्ह विकत घेऊ नये.

दुसरी जात ट्रान्सकंडक्टन्स मोजणारी: ग्रिडचं व्होल्टेज एक व्होल्टने हललं तर प्लेटचा करंट किती मिलिअँपिअरने हलतो. युरोपीय पुस्तकांत हे मिलिअँपिअर प्रति व्होल्टमध्ये असतं, अमेरिकन टेस्टरवर मायक्रोमोमध्ये. एक मिलिअँपिअर प्रति व्होल्ट म्हणजे १००० मायक्रोमो. ईएल८४ चा आकडा ११.३, म्हणजे ११,३०० मायक्रोमो. ईसीसी८३ चा १.६. अमेरिकेतले हिकॉक आणि त्याच सर्किटवरचा लष्करी टीव्ही-७, ब्रिटनमधले एव्होचे व्हॉल्व्ह कॅरॅक्टरिस्टिक मीटर आणि त्यांचा सुटकेससारखा लष्करी सीटी१६० हे या जातीतले. एव्होवर प्लेट, स्क्रीन आणि ग्रिडचं व्होल्टेज आपण ठरवू शकतो, म्हणून माहितीपत्रकाशी थेट ताडून बघता येतं. हिकॉकमध्ये तेवढी मोकळीक नसते, पण काम भराभर होतं.

तिसरी जात कॉम्प्युटरला जोडायची. नेदरलँड्सच्या रोनाल्ड डेकर यांचा यूट्रेसर हे किट घरी सोल्डर करून बनवायचं. क्षणभराच्या पल्सने तो मोजतो आणि स्क्रीनवर व्हॉल्व्हचे सगळे वक्र काढून देतो. मला तो मनापासून आवडतो. पण आपल्या यादीपुढे त्याची एक अडचण आहे: हीटरचा पुरवठा लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवरून होतो. यूएल८४ चा हीटर ४५ व्होल्टचा, यूवाय८५ चा ३८ चा. त्यांना बाहेरून वेगळा पुरवठा द्यावा लागतो. बॅटरीच्या व्हॉल्व्हला तर साधा दीड व्होल्टचा सेलच बरा.

यादीशी जुळणी

आता यादी आणि टेस्टर शेजारी ठेवा. अमेरिकन टेस्टरवर ऑक्टल, लॉक्टल, सात पिनी आणि नोव्हल सॉकेट असतात. रिमलॉक आणि फिलिप्सची पट्ट्यांची सॉकेटं बहुधा नसतात. तुमच्याकडे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचा ईसीएच४२, ईएल४१ वाला सेट असेल तर हिकॉक घरात येऊनही तो तपासता येणार नाही. अडॅप्टर करावा लागेल. सगळे सेट साठच्या दशकातले नोव्हल असतील तर अडचण नाही, फक्त तक्त्यात अमेरिकन नावाने शोधा: ईसीएच८१ म्हणजे ६एजे८, ईबीएफ८९ म्हणजे ६डीसी८, ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईझेड८० म्हणजे ६व्ही४, ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७. ब्रिटिश एव्होवर युरोपीय सॉकेटं जवळपास सगळी मिळतात.

हीटरच्या पायऱ्या तपासा. यू मालिकेसाठी १४, १९, ३८ आणि ४५ व्होल्ट हवेत, जुन्या फिलिप्ससाठी ४ व्होल्ट, बॅटरी सेटसाठी १.४. हिरव्या डोळ्यासाठी टेस्टर शोधू नका. ईएम८४ चा फॉस्फर मंद झालाय की नाही ते खोलीत अंधार करून सेटवरच दिसतं.

मग मेन सप्लाय. ब्रिटिश टेस्टर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर टॅप बदलून सरळ चालतात. अमेरिकन टेस्टर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या, ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. ५० हर्ट्झवर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, म्हणून ११० व्होल्टच्या वर चढू नका आणि काम नसताना चालू ठेवू नका. शिवाय आपल्याकडे लाइन स्थिर नसते. वाळवा-पलूसकडच्या गावात शेतीच्या मोटारी चालू असताना आणि रात्री त्या बंद झाल्यावर व्होल्टेज किती बदलतं हे सांगायला नको. लाइन ॲडजस्ट असलेल्या टेस्टरवर प्रत्येक व्हॉल्व्ह घातल्यावर ते पुन्हा जुळवावं लागतं. नसेल तर आधी डिमरस्टॅट (हाताने व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावा, नाहीतर सकाळचा चांगला व्हॉल्व्ह दुपारी नापास होईल.

जुना टेस्टर बघायला जाताना

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा बंद पडलेल्या दुकानात टेस्टर भेटतात. बरोबर मल्टिमीटर, सिरीज लॅम्प आणि दोन ईएल८४ न्या, एक खात्रीचा चांगला आणि एक खात्रीचा थकलेला.

विकणारा "चालू आहे साहेब, लावून दाखवतो" म्हणत प्लग हातात घेईल. त्याला थांबवा. प्लग लावायच्या आधी टेस्टर आडवा-उभा करून काटा बघा. मोकळा हलतो का, शून्यावर परत येतो का, मध्ये कुठे अडकतो का? बाकी सगळं बदलता येतं, मूळ मीटर मिळणं महाकठीण. काच फुटलेली चालेल, अडकणारा काटा नको. मग सॉकेटं. नोव्हल सॉकेटमध्ये व्हॉल्व्ह घालून सोडा. स्वतःच्या वजनाने डुलत असेल तर पकड गेली. सॉकेट बदलणं अवघड नाही, पण किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. हिरवट थर किंवा गाळ दिसला तर आतही पाणी गेलंय असं समजा.

प्लगच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा, स्विच चालू ठेवून. प्रायमरी जिवंत आहे का ते कळतं. पिन आणि धातूची पेटी यांत काहीही दिसलं तर थांबा. मागचं कव्हर काढू देत असेल तर नाक लावा. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास वर्षानुवर्षं जात नाही. हिकॉकच्या आत ८३ नंबरचा रेक्टिफायर दिसेल, त्यात पारा असतो आणि चालू असताना तो निळा चमकतो. ते ठीक आहे, फक्त फोडू नका. फ्यूज म्हणून एक छोटा दिवा असतो, त्याच्या जागी भलताच बल्ब कोणी बसवलाय का तेही बघा, त्याने रीडिंग बिघडतं.

सेटिंगचं पुस्तक किंवा गुंडाळीचा तक्ता आहे का हे विचाराच. एव्होवर अंगठ्याने फिरवायच्या चाकांवर आकडे जुळवावे लागतात, ते आकडे पुस्तकातच असतात. पुस्तक हरवलं असेल तर त्या मॉडेलची स्कॅन प्रत मिळते का हे पैसे देण्यापूर्वी शोधा. पंच केलेल्या कार्डांवर चालणारा मलार्डचा टेस्टर दिसायला झकास, पण कार्डांचा संच अपुरा असेल तर मी हात लावणार नाही.

हे सगळं पार पडलं की सिरीज लॅम्पमधून चालू करा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर सरळ लाइनवर घ्या. भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. शेवटी दोन्ही ईएल८४ लावा. टेस्टरने चांगला आणि थकलेला वेगळे ओळखले तर पुढचं बोलणं करा. आकडा नेमका किती आला याला इथे महत्त्व नाही, कॅलिब्रेशन नंतर घरी करायचंच आहे.

लांबून मागवत असाल तर पाठवणाऱ्याला मीटरच्या मागच्या दोन टर्मिनलांना तारेचा तुकडा जोडायला सांगा. त्याने काट्याच्या हालचालीला लगाम बसतो आणि प्रवासात तो आपटत नाही. टेस्टरच्या आतले व्हॉल्व्ह काढून वेगळे बांधून घ्या.

स्वतः बनवायचा असेल तर

मेलेल्या एसी रेडिओचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, तीन-चार प्रकारची सॉकेटं आणि दोन मल्टिमीटर एवढ्यात खरा ट्रान्सकंडक्टन्स मोजता येतो. एचटी आणि ६.३ व्होल्ट त्या ट्रान्सफॉर्मरवरून घ्या. ग्रिडसाठी ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि त्यावर १०० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल. ग्रिडच्या पिनेला अगदी चिकटून एक किलोओहम आणि स्क्रीनला १०० ओहम लावा, नाहीतर ईएल८४ ऑसिलेट होऊन भलतेच आकडे देतो. ग्रिड उणे ७.८ वर ठेवून प्लेट करंट लिहा, मग उणे ६.८ वर. फरक अकरा मिलिअँपिअरच्या आसपास आला तर व्हॉल्व्ह नवा म्हणावा असा. दोन्ही वेळा एचटी तेवढंच आहे ना ते बघा. करंट वाढला की ते बसतं आणि आकडा कमी येतो. रीडिंग पटकन घ्या, कारण २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर म्हणजे १२ वॉट, ही त्याच्या प्लेटची कमाल मर्यादाच आहे. एचटीला दाबून धरायचा स्विच लावा, हात सुटला की व्होल्टेज तुटलं पाहिजे. कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टन्स कायमचा जोडलेला हवा.

तपासायचा क्रम

घरी आणलेल्या टेस्टरचे जुने कंडेन्सर आधी बदला आणि हीटरचे व्होल्टेज भारासकट मोजून घ्या. मग प्रत्येक व्हॉल्व्हला हाच क्रम: सेटिंग जुळवा, हीटरचा आकडा पुन्हा वाचा, मगच व्हॉल्व्ह घाला. १.४ च्या डीएएफ९६ ला ६.३ दिलेत तर डोळ्यादेखत जातो. आधी शॉर्ट आणि लीकेज, त्यात नापास झाला तर पुढे जायचं नाही. शॉर्ट बघताना काचेवर पेन्सिलच्या रबराने हलकेच टिचक्या मारा, मध्येच होणारा शॉर्ट तेव्हाच दिसतो. हीटर-कॅथोड लीकेज एसी-डीसी सेटच्या व्हॉल्व्हमध्ये विशेष बघा, साखळीत वर बसलेल्या व्हॉल्व्हच्या हीटर आणि कॅथोडमध्ये बरंच व्होल्टेज असतं आणि ते रेडिओत हमिंग बनून येतं.

पाच मिनिटं तापू द्या, मग ट्रान्सकंडक्टन्स. पुस्तकी आकड्याच्या साधारण ६५ ते ७० टक्क्यांखाली गेलेल्याला थकलेला म्हणतात, पण तो लगेच फेकू नका. ईबीएफ८९ साठ टक्क्यांवरही स्थानिक स्टेशन मजेत वाजवतो. आउटपुट व्हॉल्व्ह आणि ऑसिलेटर यांच्याबाबत कडक राहा. शंका असेल तर हीटरचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवून बघा. आकडा थोडा घसरला तर आयुष्य बाकी आहे, धाडकन पडला तर थोडेच दिवस उरलेत.

टेस्टरवर ग्रिड करंट मोजायची सोय असेल तर ईएल८४ साठी ती जरूर वापरा. दोन मायक्रोअँपिअर ऐकायला काहीच नाहीत. पण सेटमध्ये ग्रिडला ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स असेल तर तेवढ्यानेच ग्रिड जवळपास एक व्होल्टने वर सरकते, प्लेटचा करंट वाढतो, तापून गॅस आणखी वाढतो. ट्रान्सकंडक्टन्समध्ये झकास पास झालेला व्हॉल्व्ह तासाभराने लाल होतो तो यामुळे.

चांगले म्हणून माहीत असलेले दोन-तीन व्हॉल्व्ह टेस्टरच्या पेटीतच वेगळे ठेवा आणि काम सुरू करताना त्यांतला एक आधी लावून बघा. त्याचा आकडा बदलला असेल तर टेस्टर किंवा लाइन हललीय. तपासलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या डब्यावर आकडा, तारीख आणि टेस्टरचं नाव लिहा. दोन वेगळ्या टेस्टरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून विकत घेताना कोणी नुसतं "नव्वद टक्के" म्हणालं तर कुठल्या टेस्टरवर आणि कशाच्या नव्वद टक्के, हे विचारून घ्या.